चोवीसच्या आत

"मशीनलाही हार घाला की सर. जावईबापूंचं आहे ते."

कोणीतरी असं म्हणालं आणि शिंगटे सरांनी खरोखरच घातला. खंडेनवमीची सकाळ होती. व्यायामशाळेत साधनांची पूजा मांडली होती. मल्लखांबाला झेंडूची माळ, वर टांगलेल्या दोराला हळदीकुंकवाची बोटं, खाली मुद्गल आणि लेझमी ओळीने ठेवलेल्या. आणि या सगळ्यांच्या पुढे, रांगोळी काढून, पाटावर, काचेचं एक चपटं यंत्र. अंगातली चरबी मोजायचं. सरांनी त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं तसे हर्षलराव धावले.

"सेन्सरवर नको सर, सेन्सरवर नको!"

सेन्सर कुठे असतो हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि अंदाजाने अक्षता टाकल्या.

मी आयांच्या बाकावर बसले होते आणि माझ्या मुलीकडे बघत होते. रेवती तेव्हा आठ वर्षांची होती. बाकीच्या मुली प्रसादाच्या खोबऱ्याकडे बघत होत्या. ती मशीनकडे बघत होती.

हे मशीन गौरी-गणपतीच्या सुमारास आमच्या साताऱ्यात अवतरलं. व्यायामशाळेचे अध्यक्ष तात्या जगदाळे यांचे जावई, म्हणजे हे हर्षलराव, पुण्यातली जिम बंद झाल्यावर सासुरवाडीला मुक्कामाला आले होते. जावई नुसताच बसून राहिला तर सासऱ्याची शोभा होते, म्हणून तात्यांनी त्यांना व्यायामशाळेचे फिटनेस सल्लागार केलं. त्यांनी येताना मशीन आणलं आणि नियमही आणला. राज्य स्पर्धेत मुलींचा मनोरा उभा राहायचा होता. त्यात फक्त अशाच मुली घ्यायच्या, ज्यांची चरबी चोवीस टक्क्यांच्या आत आहे.

तीस वर्षं मुलींना खांबावर चढवणारे शिंगटे सर या नियमावर म्हणाले, "छान."

रेवतीचे पहिल्या दिवशी एकतीस आले. माझी रेवती! तिच्या फ्रॉकची मागची बटणं लावताना मला तिचे मणके लागायचे. मी त्याच दिवशी हर्षलरावांना गाठलं.

"अहो, हिच्या अंगात एकतीस टक्के चरबी ठेवायला जागा तरी आहे का?"

"तेच तर मॅडम. डोळ्यांना दिसत नाही. आतली चरबी. ही जास्त डेंजर."

"वय काय टाकलंत?"

"अठरा."

"ती आठची आहे."

"मशीन अठराच्या खाली घेतच नाही. मग सगळ्यांनाच अठरा टाकतो. म्हणजे अन्याय कोणावरच नाही."

"आणि सराव झाल्यावर का मोजता? आधी का नाही?"

"अंग तापलं ना, की चरबी पातळ होते. मशीनला पटकन सापडते."

मी फिजिक्स घेऊन पदवीधर झालेली बाई. असं मशीन चरबी बघत नाही, एवढं मला कळत होतं. ते एका तळपायातून बारीकसा विजेचा प्रवाह सोडतं, दुसऱ्या तळपायातून घेतं आणि वाटेत किती अडथळा झाला ते बघतं. पाण्यातून आणि स्नायूंतून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. त्यावरून, आणि आपण टाकलेल्या वय-उंचीवरून, ते चरबीचा अंदाज बांधतं. निव्वळ अंदाज, आणि तोही मोठ्या माणसांवर बेतलेला. पण हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हर्षलराव कौतुकाने म्हणाले, "मॅडमना बराच इंटरेस्ट दिसतोय. तुमचंही बघू या का? डिलिव्हरीनंतर राहिलेलं दिसतंय थोडं." बाकावरच्या आया पदरात हसल्या. आठ वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा हिशेब हा माणूस अजून लावत होता.

घरी रेवतीने तूप सोडलं. मग भात सोडला. मग मला विचारायला लागली, "आई, शेंगदाण्यात किती टक्के असतात?" शाळेचा डबा रिकामा यायचा म्हणून मी खूश होते, तर एक दिवस सरावाच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात पोळ्या सापडल्या. वाळून पापड झालेल्या, नीट घडी घातलेल्या. टाकल्या असत्या तर अन्नाचा अपमान झाला असता ना. एवढं मी तिला शिकवलं होतं.

तिच्या बाबांची नोकरी तेव्हा सोलापूरला होती. फोनवर म्हणाले, "अगं, मशीन आहे ते. त्याला काय पडलंय खोटं बोलायला? थोडं कमी खाल्लं तर काही होत नाही. आमच्या लहानपणी..." मी फोन ठेवला. यांच्या लहानपणी काय होतं ते मला पाठ होतं. पातेलंभर दूध होतं आणि ते प्यायला एकुलता एक मुलगा होता.

तर, खंडेनवमी. आरती झाली. तात्यांनी कोयता उचलला आणि परंपरेप्रमाणे कोहळा फोडला. चांगला मोठा, पांढऱ्या भुकटीने माखलेला कोहळा होता. एका घावात दोन फाका झाल्या. टाळ्या पडल्या. मग सर म्हणाले, "मुलींनो, देवापुढे प्रात्यक्षिकं करायची. त्यानंतर जावईबापू शेवटचं माप घेतील. आजच्या आकड्यावर संघ."

आधी दोरावरच्या मुली चढल्या. त्यांत सानिका नावाची एक मुलगी होती. नऊ वर्षांची, रुंद खांद्यांची, दोराला पायाच्या बोटात धरून उलटी लटकायची तेव्हा दोरच तिला घाबरून असेल असं वाटावं अशी. मनोऱ्यात ती तळाला असायची. बाकीच्या मुली तिच्या खांद्यावर उभ्या राहत आणि वर गेल्यावर टाळ्या घेत.

मग खांबावरच्या मुली. खांबाला नेहमीप्रमाणे एरंडेल चोळलेलं होतं. सणाचा दिवस म्हणून सरांनी हात जरा सैलच सोडला होता. खांब उन्हात चकाकत होता. रेवती चढली, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा वर पोचली. वर हात सोडून तिने सलामी दिली तेव्हा तिच्या पोटऱ्या लटलटत होत्या. सकाळपासून तिने फक्त पाणी प्यायलं होतं. मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"या एकेक," हर्षलराव म्हणाले.

हार बाजूला झाला. मुली एकेक करून काचेवर उभ्या राहायला लागल्या. हर्षलराव हातातल्या फोनमध्ये बघून आकडा मोठ्याने म्हणत, म्हणजे मागे बसलेल्यांनाही ऐकू जावा. रेवतीची पाळी आली. मशीनवर उभी राहून ती पोट आत ओढत होती. श्वास धरून, डोळे मिटून. जणू मशीनला पोट दिसणार होतं.

"तेहेतीस. वाढलेत गं. दसऱ्याचे लाडू आधीच हाणले की काय?"

दोन-चार आया हसल्या. रेवती खाली उतरली. रडली नाही. हर्षलरावांनी पुढच्या मुलीसाठी फडक्याने काच पुसली आणि मला ते फडकं दिसलं. पिवळट, मेणचट झालेलं. काचेवर रेवतीच्या दोन्ही पावलांचे ठसे इतके स्पष्ट उठले होते की बोटंसुद्धा मोजता यावीत. एरंडेलाचा वास बाकापर्यंत आला.

आठवडे झाले, ही मंडळी माझ्या मुलीच्या तळपायाला खांबावरून लागलेलं तेल मोजत होती! विजेला वाट द्यायची नाही म्हणून माणसं तारांवर वेष्टण चढवतात. यांनी पोरींच्या पायांना एरंडेलाचं वेष्टण चढवलं, वर त्यांना विजेच्या पाटावर उभं केलं आणि वीज जात नाही म्हणून पोरींना लठ्ठ ठरवलं. आणि हे कुठे, तर जिथे खांबाला रोज तेल लागतं अशा जागी. इथल्या प्रत्येक माणसाने जन्मभर तेलात हात घातले होते.

मी उठले. रेवतीला दंडाला धरून दारापाशी नळावर नेलं. तिथे कपड्यांच्या साबणाची वडी पडलेली असायची, त्या वडीने मी तिचे तळवे घासले. बोटांच्या बेचक्यांतून काळपट फेस आला. माझ्या ओढणीने पाय कोरडे पुसले आणि तिला उचलूनच आत आणलं, म्हणजे जमिनीवर पाय टेकायला नको. उचलताना पुन्हा कळलं ती किती हलकी झाली होती.

"परत घ्या," मी म्हणाले.

"मॅडम, एकाच दिवसात दोनदा..."

"घ्या."

हर्षलरावांनी सासऱ्यांकडे पाहिलं. तात्या सुपारी कातरत होते. माप घेतलं.

"अठरा," हर्षलराव म्हणाले. मग फोन हलवून पाहिला. "पाय ओले असतील. ओल्यावर कमी दाखवतं."

"हात लावून बघा."

त्यांनी लावला. पाय कोरडे होते. पुन्हा माप घेतलं. पुन्हा अठराच.

मी सगळ्यांकडे वळले आणि सांगितलं. प्रवाह, तळपाय, तेल. दोन मिनिटांत, सोप्या मराठीत. मला वाटलं होतं की आता कोणाची तरी मान खाली जाईल. मी अजूनही या लोकांना ओळखत नव्हते.

"अरेच्चा!" शिंगटे सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे नुसते पाय धुवायचे राहिले होते! बघा, आपण उगीच मशीनवर शंका घेत होतो."

"मी म्हणतच होतो," हर्षलराव म्हणाले. "मशीन अॅक्युरेट आहे. फक्त प्रोसिजर."

"मुलींनो! सगळ्यांनी नळावर! पाय धुऊन या!"

आणि सगळ्या पळाल्या. आयाही पळाल्या, कोणी पर्समधून पेपरसोप काढला, कोणी घरून आणलेला टॉवेल. नळावर रांग लागली. खांबावरच्या मुलींचे आकडे धडाधड खाली आले. बावीस, वीस, एकोणीस. प्रत्येक आकड्याला टाळ्या. ज्या बायका मघाशी माझ्या मुलीला हसल्या होत्या त्याच आता मला म्हणाल्या, "बरं झालं हो तुम्ही सांगितलंत. शिकलेल्या माणसाचा असा उपयोग होतो."

चोवीसच्या आत आली नाही ती फक्त सानिका. ती दोरावरची. दोराला तेल नसतं. तिच्या पायांवर धुवायला काही नव्हतंच. आधी सत्तावीस, धुतल्यावरही सत्तावीस.

"आता मात्र पक्कं," हर्षलराव म्हणाले. "आता कोणाला शंका नको."

सानिकाच्या आईने मुलीचा हात धरला आणि तिला पुन्हा नळाकडे नेलं.

माझी रेवती मात्र फुलली होती. सर प्रसादाची थाळी फिरवत होते. खोबरं आणि खडीसाखर. तिच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा पडला. मला वाटलं, झालं. खाईल आता. एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं.

तिने तुकडा परत थाळीत ठेवला.

"का गं?" मी विचारलं.

"आई, अठरा आले ना," ती हळूच, आनंदाने म्हणाली. "स्पर्धेपर्यंत सोळा करू या."

मी पाटाशेजारी पडलेल्या कोहळ्याकडे पाहिलं.

मी जाऊन कोहळ्याची एक फाक उचलली. जड होती, गर ओलसर होता. ती मशीनच्या काचेवर पालथी घातली, कापलेली बाजू खाली, प्रवाह सोडणाऱ्या चारही धातूच्या चकत्यांवर नीट बसेल अशी. आकडा उठला नाही. मशीनला कोहळा हलका वाटत असावा. मी डंबेलांच्या रॅकवरून लोखंडाचं एक चाक आणलं आणि कोहळ्यावर ठेवलं.

"मॅडम, काय करताय?" हर्षलराव.

"माप घेतेय. फोनमध्ये रेवतीचीच माहिती राहू द्या. वय अठरा."

"अहो, वॉरंटी जाईल!"

फोन त्यांच्या हातात टिंग करून वाजला. त्यांनी तो छातीशी धरला. मी हात पुढे केला. शेवटी जवळच्या एका आईनेच वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"एकवीस," ती म्हणाली. "आणि खाली लिहिलंय, तुमची प्रकृती उत्तम आहे. असेच चालू ठेवा."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी व्यायामशाळा फुटली. मुली लोळायला लागल्या. "कोहळा चोवीसच्या आत! कोहळा चोवीसच्या आत!"

"सर," मी म्हणाले, "नियमाप्रमाणे याला संघात घ्यावं लागेल. सलामी कशी देतो ते बघा फक्त."

तात्यांचा अडकित्ता थांबला. "बाई, पूजेचा कोहळा आहे तो. काही ताळतंत्र?"

"पूजेचाच आहे तात्या. म्हणून तर खोटं बोलणार नाही म्हटलं."

"शिंगटे!" तात्या सरांकडे बघून म्हणाले. माझ्याशी बोलणं संपलं होतं.

शिंगटे सर माझ्याजवळ आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मला कळत नाही असं नाही. पण जावई आहेत." असं म्हणून ते थांबले, जणू पुढचं वाक्य मी पूर्ण करायचं होतं. मी केलं नाही. तीस वर्षं हजारो मुलींना खांबावर उलटं टांगणारा हा माणूस एका माणसाच्या जावयापुढे सरळ उभा राहू शकत नव्हता. मग ते खाकरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पालकांनी शिस्त पाळावी. ज्यांना पाळायची नाही त्यांच्या पाल्यांचा विचार समिती करेल."

समितीने नंतर तो विचार केलाच. रेवती आकड्यात बसली होती, शिस्तीत बसली नाही. हल्ली ती दुसऱ्या गावातल्या संस्थेत जाते, दोरावर, आणि तिथेही एक मशीन आहे असं ऐकते. पण ते नंतरचं.

त्या सकाळी रेवती हसत नव्हती. ती कोहळ्यासमोर उकिडवी बसून त्याच्याकडे निरखून बघत होती.

"आई, कोहळ्यात चरबी असते?"

"नाही."

"मग एकवीस टक्के काय आहे?"

"मला काय विचारतेस? ज्यांनी मोजलं त्यांना विचार."

तिने खरंच विचारलं. उठून गेली आणि हर्षलरावांच्या समोर उभी राहिली. "काका, एकवीस टक्के काय?"

"अगं, ते... मशीन माणसांसाठी आहे बाळा. कोहळ्यासाठी नाही."

"पण ते अठरा वर्षांच्या माणसांसाठी आहे," रेवती म्हणाली. "मी आठ वर्षांची आहे."

हर्षलराव हसले. मोठी माणसं उत्तर नसलं की लहान मुलांकडे बघून हसतात, तसे. ती वळली, थाळीपाशी आली आणि खोबऱ्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. चावला. दुसरा उचलला. मग खडीसाखरेची मूठ भरली. मी तोंड फिरवलं, कारण मी बघतेय हे तिला दिसलं असतं तर ती थांबली असती.

"चल," मी म्हणाले. पिशवी खांद्याला लावली. मागे हर्षलराव गुडघे टेकून मशीनमधला कोहळ्याचा रस पुसत होते आणि सर त्यांना दिवा धरल्यासारखा मोबाइलचा उजेड दाखवत होते.

दारापाशी नळ चालू होता. सानिकाची आई खाली बसली होती, साडी गुडघ्यांपर्यंत खोचून. सानिकाचा एक पाय त्यांच्या मांडीवर होता आणि त्या तो नारळाच्या शेंडीने घासत होत्या. तळवा लाल झाला होता. सानिका नळाला धरून एका पायावर उभी होती, अजिबात न डुगडुगता. कोहळा त्या दोघींनीही पाहिला होता. सानिकाची आई तर खूप हसली होती, मी पाहिलं होतं. हसून पुन्हा इथे येऊन बसली होती.

रेवतीने तोंडातलं खोबरं चावत चावत मुठीतली खडीसाखर सानिकापुढे केली. सानिकाने तिच्याकडे पाहिलं, मग आईच्या डोक्याकडे पाहिलं, आणि मान हलवून नको म्हटलं.

सानिकाच्या आईने वर बघितलं. घामाने त्यांचं कुंकू पसरलं होतं. आवाज एकदम खाली आणून त्या म्हणाल्या, "रेवतीची आई, साबण कुठला वापरलात हो तुम्ही?"

मी वाकले आणि नळ बंद केला.

"अहो, असं काय करता? पाणी जाईल आता," त्या म्हणाल्या, आणि नळ पुन्हा सोडला.